माणसांवाचून घराचा फोटो

मु. पाली, ता. २६ नोव्हेंबर १९३४

तीर्थरूप महिपतमामांस, आणि त्यांच्या परळच्या खोलीत दर रविवारी जमून पालीची काळजी वाहणाऱ्या ग्रामसुधारणा मंडळाच्या तमाम सभासदांस केरूचा साष्टांग नमस्कार. मामांचा दमा, राहीमामीची कंबर आणि मंडळाचा उत्साह ही तिन्ही पहिल्यासारखीच असतील असे धरून चालतो. (पत्र रविवारच्या बैठकीत मोठ्याने वाचावे. शेवटचे ताजा कलम मात्र मामांनी एकट्याने, दाराशी उजेडात उभे राहून वाचावेत.)

सभासदहो, तुमचे आणि माझे एक दुःख सारखे आहे. मुंबईच्या निम्म्या इमारतींचे पाये आपल्या माणसांनी खणले, जिन्यांवरून चुन्याची घमेली आपल्या माणसांनी वाहिली, आणि त्याच मुंबईत आमच्या फोटोग्राफीच्या वर्गाचे मास्तर भर वर्गात सांगतात, की रत्नागिरी जिल्ह्यात आंबा आहे, मासळी आहे, पण इमारत म्हणावी अशी वस्तू नाही. आहेत ती नुसती छपरे. हे ऐकून मी उभा राहिलो. (मला उभे राहायला फारसे कारण लागत नाही, हे मंडळाला ठाऊक आहे.) ग्रीस देशातल्या खांबांपासून सुरुवात करून सतराव्या मिनिटाला मी पालीच्या जांभ्या चिऱ्याच्या जोत्यापाशी येऊन पोचलो. मास्तरांनी सगळे शांतपणे ऐकले आणि काचांचा एक डबा माझ्या हाती दिला. (फोटो उमटतो तो या काचेवर. तिने एकदा उजेड खाल्ला की तिचा जन्म संपला.) म्हणाले, बारा काचा आहेत. वास्तुशिल्पाच्या कामाचा फोटो म्हणजे भिंत सरळ, सावली स्वच्छ आणि चौकटीत माणूस एकही नाही. बारातली एक काच तशी आण, पुढच्या वर्षी वर्गात बस. नाही आणलीस तर दुसरे काम बघ. तारीख दिली दहा डिसेंबर. दुसरे काम कोणते, हे मामांनी गिरणीतल्या रिंग खात्याच्या मुकादमाशी बोलून आधीच ठरवून ठेवले आहे, आणि भाच्याच्या पराभवाची इतकी चोख तयारी करून ठेवणारा मामा मी इतिहासातही वाचलेला नाही.

निघताना तुम्ही म्हणालात, कोकणात घरांना काय तोटा, कुठेही फोटोची पेटी उभी कर. त्या सल्ल्याबद्दल मी आजन्म ऋणी राहीन. बोटीतून उतरलो तो थेट बंदरावरच्या धोंडू तांडेलाच्या घरापुढे. (थिबा राजाचा वाडा सगळेच काढतात, शिवाय तो सरकारने बांधला. मला आपल्या लोकांनी बांधलेले हवे होते.) धोंडूचे घर दुमजली, चिरेबंदी, वर लाकडी सज्जा, त्याच्या आज्याने गलबत बांधणाऱ्या सुतारांकडून तो करून घेतला, म्हणून सज्ज्याला गलबताच्या कडेसारखा बाक आहे. ते पाहून मला भरून आले. धोंडूने आनंदाने परवानगी दिली; फक्त म्हणाला, उद्या सकाळी ये. कलेची कदर असलेला पहिला रत्नागिरीकर भेटला असे मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले. ते पान आता फाडले आहे.

सकाळी गेलो तर घर दिसेना. घरापुढे सत्तावीस माणसे तीन रांगांत बसली होती. धोंडूची लेक आणि जावई बुरोंडीहून होडीने आणवले होते. बायकांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी, पोरांच्या डोक्याला खोबरेल इतके की कपाळावरून ऊन परतावे. धोंडूचा धाकटा भाऊ बाबल्या आणि जावई यांच्यात म्हाताऱ्या धोंडूच्या उजव्या हाताला कोणी बसायचे यावरून बोलाचाली चालली होती. मी नम्रपणे सांगितले, की मला फक्त घर हवे आहे, आपण सगळ्यांनी बाजूला व्हावे. मग धोंडू म्हणाला, “घराचा फोटो, आनि आमी बाजूला? आमी काय मेलाव?”

तेव्हा मला समजले ते तुम्हा सभासदांना जन्मापासून ठाऊक असणार, पण एकानेही निघताना सांगितले नाही. माणसांवाचून घराचा फोटो काढायचा म्हणजे त्या घरात दिवा लावायला कोणी उरले नाही अशी नोंद करायची. ओसाड घराचेच तसे चित्र असते. जित्या माणसाच्या घराचे तसे चित्र काढणे हा अपशकुन, आणि काढायला सांगणारा वैरी. मी ओट्यावर चढून वास्तुकलेवर बोललो. घर हे माणसाहून जास्त जगते, म्हणून त्याची कीर्ती माणसाहून वेगळी आहे, असा मुद्दा होता. लोकांनी मन लावून ऐकले. म्हाताऱ्याने पान दिले. आणि सत्तावीसच्या सत्तावीस जण होते तिथेच बसले. पहिली काच गेली. दुसरीही गेली, कारण पहिलीत जावई उजव्या हाताला होता, म्हणून दुसरीत बाबल्याला बसवणे घराण्याच्या शांततेसाठी आवश्यक ठरले.

तिसऱ्या काचेला मी शास्त्राचा आधार घेतला. इंग्रजी पुस्तकात वाचले होते, की भिंगाचे तोंड बारीक करून काच दोन मिनिटे उघडी ठेवली, तर हलणारी माणसे काचेवर उमटतच नाहीत; फक्त जे स्थिर आहे ते राहते. मी जाहीर केले, की आता सगळ्यांनी अंगणात इकडेतिकडे फिरत राहावे. तेवढे ऐकून मंडळी फिरलीही. पण मी भिंगावरचे झाकण काढायला हात उचलला मात्र, आणि सगळे जिथल्या तिथे दगड झाले. जो बाबल्या आजवर एका जागी जेवायलासुद्धा बसला नसेल, तो दोन मिनिटे पापणी न हलवता उभा राहिला. तान्हे पोरही गप्प. काच धुऊन पाहिली तेव्हा माडाच्या झावळ्या पुसट, वाळत घातलेली जाळी पुसट, मधून गेलेला कुत्रा अजिबात नाही, आणि सत्तावीस माणसे इतकी ठळक की मिशा मोजाव्यात. पुस्तक लिहिणाऱ्याने कोकणात कधी फोटो काढला नसावा.

शहरात आणखी पाच काचा अशाच माणसांवर गेल्या. मी गावांकडे वळलो. पालीच्या वाटेवर एका वाडीत भातकापणी चालू होती, सगळे शेतात, आणि एक सुरेख कौलारू घर उघडेबंब एकटे उभे. मी भराभर तिपाई रोवली. पण शेजारची हौसा कुंपणावरून बघत होती. तिने एवढेच विचारले, की घरची माणसे कुठे आहेत. मी म्हटले, नाहीत तेच बरे आहे. (हे वाक्य कोणत्याही वाडीत बोलू नये.) ती धावत आत गेली, त्या घरातल्या प्रत्येक माणसाचे एक एक वस्त्र बाहेर आणले आणि ओटीवरच्या दोरीवर वडिलकीच्या क्रमाने लटकवले, आजोबांचे धोतर आधी, पाळण्यातल्या पोराचे झबले शेवटी. मग म्हणाली, “आता काढ. समदी हायत.” मी काढला. झबले फार छान आले आहे. त्या वाडीत एकूण तीन काचा गेल्या, आणि हाती एक उरली.

सभासदहो, आता तुम्हाला अभिमान वाटेल अशी गोष्ट सांगतो. शेवटच्या काचेसाठी मला अखेर असे घर सापडले, की जिथे कोणाचीही परवानगी लागत नाही, कारण तिथे कोणी राहत नाही. चार वर्षे दाराला कुलूप आहे. जोते सहा चिऱ्यांचे, खांब फणसाचे, सकाळी नऊला ऊन सरळ दारावर येते. ते घर आपल्या मंडळाच्या अध्यक्षांचे, म्हणजे महिपतमामांचे आहे. गावची घरे नीट राखावीत असा ठराव याच अध्यक्षांनी गेल्या श्रावणात मांडला होता आणि मीच त्याला अनुमोदन दिले होते, तेव्हा यात मीही वाटेकरी आहे. कौले नीट दिसली, अंगण सारवलेले दिसले. ठरावाचा एवढा परिणाम होईल असे मला वाटले नव्हते.

मी काळ्या फडक्यात डोके घातले. पेटीच्या मागच्या दुधी काचेवर (ही बारांतली नव्हे) सगळे उलटे दिसते, हे माहीत असेलच. उलटे जोते, उलटे दार, माणूस एकही नाही. आणि तेवढ्यात चित्राच्या वरच्या अंगाला एक म्हातारी उलटी लोंबकळताना दिसली. फडक्यातून डोके काढले, तर मामांच्या पायरीवर शेजारची ठमाबाई सुपारी कातरत बसली होती.

मी तिला उठायला सांगितले. ती म्हणाली, “महिपतचा घर हाय ता. रिकामा कसा काढतंस?” मी म्हटले, मामा मुंबईला आहेत. म्हणाली, “म्हनून तर बसलंय.” मी तिला सगळे समजावले: मास्तर, परीक्षा, रिंग खाते, ग्रीस. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले भाषण मी त्या अंगणात एका श्रोत्यापुढे केले. ती म्हणाली, “बरा बोललास. आता मी हाय तशीच काढ.”

आज आठ दिवस झाले. रोज सकाळी ती मला पेज वाढते आणि मग पायरीवर जाऊन बसते. दुपारी जेवायला उठते तेव्हा दारावरचे ऊन गेलेले असते, तरी काठी आणि तांब्या पायरीवर ठेवूनच जाते. काल मी तिची शेळी सुटली असे खोटे सांगितले. म्हणाली, “शेळी घरी येते. तुज्या मामासारकी नाय.” कौले दरसाल तिचा मुलगा भिवा परतवतो, अंगण ती सारवते, हेही आता कळले, मंडळाच्या अहवालात योग्य ती दुरुस्ती व्हावी. आम्हा सर्वांना तिचा आदर्श आहे. कळावे, लोभ असावा.

तुमचा भाचा,
केरू

ता. क. १ (मामांनी एकट्याने) – मागील दाराचा अडसर कोयतीने वर होतो, हे तुम्हीच मला लहानपणी दाखवले होते. मी आठ दिवस घरातच राहतो आहे. काचा धुवायला बाळंतिणीची खोली उत्तम आहे, उजेडाचा कवडसाही येत नाही. दाराला पडदा म्हणून मामीच्या कपड्यांच्या पेटीतली काळी चंद्रकळा लावली. तिच्यावर औषधाचे पाच डाग पडले आहेत. मामीला कसे सांगायचे हे तुम्ही ठरवा.

ता. क. २ – घर रिकामे नाही, मी आत राहतो, हेही ठमाबाईला सांगून पाहिले. म्हणाली, भाचा तो पाव्हना, त्याला घरचा माणूस धरत नाहीत. पण काल संध्याकाळी पायरीवर दिवा ठेवताना (तो ती रोज ठेवते, मी तुम्हाला सांगणार नव्हतो) आपणहून बोलली. महिपत आत असला तर मी कशाला बसू, म्हणाली. तो बाहेर दिसला नाही तरी चालेल, घर भरलेले असले म्हणजे झाले. मामा, मास्तरांचा नियम आणि ठमाबाईचा नियम दोन्ही एकाच वेळी पाळता येतील असा हा एकच मार्ग सबंध जिल्ह्यात आहे, आणि तो तुम्ही आहात.

ता. क. ३ – तेव्हा रजा, दमा, मंडळाची बैठक यांतले काही सांगू नका. ती तिन्ही कारणे गेल्या चार शिमग्यांना येऊन गेली आहेत. शनिवारची बोट धरा. रविवारी सकाळी नऊच्या आत पुढचे दार उघडून माजघरात जाऊन बसा, आणि मी हाक मारीपर्यंत बाहेर येऊ नका. कुलूप फोटोत दिसता कामा नये, म्हणून किल्ली आठवणीने आणा. ती मामीच्या पितळी डब्यात, हळदीखाली आहे, असे ठमाबाई सांगते.