एकशे सतरा नंबरचा कोट

३ डिसेंबर, सोमवार
आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. ठिकाण: आमची लाँड्री, इस्त्रीच्या टेबलाची डावी बाजू. निमित्त: ११७ नंबरचा पांढरा कोट.

कोट तिचा. समोरच्या औषधांच्या दुकानात ती काउंटरवर असते. आठवड्याला दोन कोट टाकते, दर सोमवारी नेते. आजचा कोट धुऊन, वाळून आलेला. खिसा जरा फुगलेला वाटला म्हणून हात घातला, तर आत कापडाची पट्टी. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला नंबर घालून लावतात तसलीच. एका बाजूला ११७. दुसऱ्या बाजूला, धुऊनही न जाणाऱ्या शाईत, बारीक अक्षरात:

आलं, मध, मिरी यांचा काढा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वाफ. थंड पाणी बंद. बोलणं कमी. आठ दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरला दाखव.

मी खाली बसलो. शुक्रवारी तिच्यासमोर मी तीनदा शिंकलो होतो. तिने ते लक्षात ठेवलं! आमच्याच दुकानाची पट्टी जपून ठेवली आणि तिच्यावर लिहिलं. कागदावर लिहिलं असतं तर धुण्यात लगदा झाला असता, एवढा पुढचा विचार. आणि ‘दाखव’! पहिल्याच चिठ्ठीत एकेरी!

अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. गेल्या जन्मीचं असणार.

(धुण्याआधी खिसे तपासायचं काम माझं आहे. या आठवड्यात राहिलं. बाबांना सांगायचं कारण नाही. त्यांचा नियम एकच: खिशातलं ते गिऱ्हाइकाचं, पाकिटात घालून परत. पण ही चिठ्ठी मलाच लिहिलेली असताना परत कुणाला करू?)

ती संध्याकाळी कोट न्यायला आली. ‘बोलणं कमी’ असं तिनेच लिहिलेलं, म्हणून मी एक शब्द बोललो नाही. नुसतं पाहिलं. तिने माझ्या आईबद्दल विचारलं, काकू काल खोकत होत्या, खोकतायत का हो अजून? मी डोळ्यांनी ‘हो’ म्हटलं. तिला कळलं असावं. दोनदा वळून पाहिलं, एकदा कोट मोजायला आणि एकदा उगाच.

४ डिसेंबर
माझी सर्दी गेली. म्हणजे चिठ्ठी वाया. छे! आई रविवारपासून खोकतेय. तिने काल मुद्दाम काकूंचं विचारलं. म्हणजे ही परीक्षा आहे.

निर्धार: पुढच्या सोमवारी ती येईल तेव्हा आई ठणठणीत असेल. मग मी बोलेन. आधी खोकल्याबद्दल, मग आयुष्याबद्दल.

बाबा म्हणाले, उद्या हिला डॉक्टरकडे नेऊन आणतो. मी आवाज चढवला, हिला मीच बरी करणार. म्हटलं, तुमचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता, कॉलेजच्या वेळीही नव्हता. बाबा म्हणाले, अरे कॉलेज तू सोडलंस, मी फी भरत होतो. सोडलं कारण सरांनी प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत मला गाढव म्हटलं. स्वाभिमानी माणूस तिथे थांबत नाही. मी दार आपटून निघालो. दाराची काच फुटली, त्याला मी काय करणार?

आजही स्वयंपाकघराचं दार आपटलं. आई आतून म्हणाली, राहू द्या हो, त्याचं होऊन जाऊ दे.

५ डिसेंबर, सकाळी ६
उठलो. कुणी हाक न मारता. आलं किसलं. बोट किसलं. आणखी आलं किसलं.

प्रपोर्शन सायंटिफिक पाहिजे. रसायनशास्त्राची दोन वर्षं झाली आहेत माझी (जवळजवळ). चार मिरे म्हणजे एक परिणाम, तर वीस मिरे म्हणजे पाच परिणाम. साधं गणित आहे.

आईने एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी. औषध लागू पडतंय. मग म्हणाली, मध काढा कोमट झाल्यावर घालतात रे. चिठ्ठीत तसं कुठे आहे? तिला मी काढ्यामागचं शास्त्र समजावलं. दहा मिनिटं. शांतपणे ऐकलं बिचारीने. अधूनमधून खोकली, पण माझं बोलणं तोडायला नसावं.

६ डिसेंबर
गुळण्या. आधी स्वतः करून दाखवल्या. पाणी उकळतं होतं. जीभ भाजली. बोलणं कमी झालं, म्हणजे चिठ्ठीतली एक अट आपोआप पुरी.

आई म्हणाली, पाणी सोसवेल इतकंच गरम घ्यावं. पुन्हा अंदाज. पण अंदाज बरा करते.

खोकला: काल रात्रीपेक्षा जास्त. बाहेर पडतोय. आत राहिला असता तर काळजी.

७ डिसेंबर, दुपारी
आज मोठं पाऊल. वाफ. भांड्यावर टॉवेल घेऊन बसायचं ही जुनी पद्धत. आमच्याकडे वाफेची इस्त्री आहे, दिवसभर वाफ फुकट जाते. निलगिरीच्या तेलाची अख्खी बाटली इस्त्रीच्या पाण्यात ओतली. आईला तिच्या नंबर घालायच्या टेबलाशीच बसवलं. तिने पट्ट्यांवर नंबर घालावेत, आणि सहज श्वास घ्यावा. काम आणि उपचार एकदम.

इस्त्रीवाले मामा बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. म्हणाले, भाच्या, मी इस्त्री करतोय की कुणाच्या छातीला तेल चोळतोय? आई हसली. हसता हसता इतकी खोकली की टेबलाला धरून उभी राहिली.

मामांना विनोद करू नका म्हणून सांगितलं.

७ डिसेंबर, संध्याकाळी
चाळीस शर्ट, सहा पँटी, एक काळा कोट. सगळ्यांना वास. काळा कोट वकिलांचा. ते घालून कोर्टात गेले आणि लगेच परत आले. साक्षीदार शिंकायला लागला म्हणे. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, बरं नसेल तर पुढची तारीख देऊ का?

बाबा नुसती इस्त्रीची टाकी उपसत बसले. हे ओरडण्यापेक्षा जास्त अपमानास्पद आहे. दार आपटलं. वरची बिजागरी सैल झाली. मामा म्हणाले, हिलाही काढा दे.

८ डिसेंबर
आईचं अंग गरम लागतंय. काढा उष्ण असतो. अंगात उतरला की अंग गरम होणारच.

दुपारी ती नंबर घालता घालता टेबलावरच झोपली. तिचं राहिलेलं काम मी केलं. शाई बोटांवरून जात नाही. बायका कशा करतात काय माहीत.

खिशातल्या चिठ्ठीवरची शाई आणि ही शाई जवळपास सारखीच दिसते. बाजारात एकच चांगली कंपनी असावी.

९ डिसेंबर, रविवार
सकाळी बाबा बूट घालून उभे. म्हणाले, आता मी विचारत नाही, नेतोय. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, एक दिवस! उद्या सोमवार. आठ दिवस पुरे होऊ देत. चिठ्ठीत आठ दिवस लिहिलेत. कुठली चिठ्ठी, विचारलं त्यांनी. मी खिशावर हात ठेवला. बाबा म्हणाले, हिला दम लागतोय आणि तू दिवस मोजतोयस?

आईच म्हणाली, उद्या जाऊ. एक दिवसाने काय होतंय? त्याने एवढा काढा केलाय.

वाटीभर घेतला तिने. सगळा. मग दोन वाक्यं बोलून थांबली, मग पुन्हा एक वाक्य.

जिंकत आलोय. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य, डॉक्टरचं, मी विचारात घेतलेलं नाही. औषधाच्या दुकानात नोकरी असल्यावर तेवढं लिहावंच लागतं.

उद्यासाठी पहिलं वाक्य तयार: तुमच्या उपायाने माझ्या आईला बरं वाटलं. (आई बरी झाली की म्हणायचं.)

१० डिसेंबर, सोमवार, दुपारी १२
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो. मी कशाला घाबरत नाही.

ती अकरा वाजता आली. मी उभा राहिलो, पहिलं वाक्य ओठांवर. तिने आधी विचारलं, काकू नाहीत का? मग म्हणाली, अहो दादा, मागे काकूंनी मला एका पट्टीवर घरगुती उपाय लिहून दिले होते. कोटाच्या खिशात राहिले बहुतेक. सापडले का?

दादा.

पुढचं सलग लिहितो. तिचं लग्न ठरलंय. मुलगा शाळेत कवायत शिकवतो. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला, आणि तेव्हापासून सगळी शाळा नुसत्या शिट्टीवर चाललीय. त्याच्यासाठी तिने आईला उपाय विचारले होते. आईने नंबर घालता घालता, हाताला आली त्या पट्टीवर, हातातल्याच पेनाने लिहून दिले.

माझ्या शर्टाच्या खिशात पट्टी होती. डाव्या. आठ दिवस. मामांनी इस्त्री उभी केली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, भाच्या, खिशातलं ते गिऱ्हाइकाचं.

दिली.

तिने वाचली. म्हणाली, काकूंनी स्वतःला डॉक्टरकडे दाखवलं ना? त्यांनाही आठ दिवस झालेच की. मागच्या सोमवारी मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही काही बोललाच नाहीत.

१० डिसेंबर, ४ वाजता
बाबा आईला घेऊन गेले, आले. छातीत कफ भरलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर ॲडमिट करावं लागलं असतं. काढ्याने बिघडलं नाही, पण काढ्यावर बसून राहिल्याने बिघडलं. बाबांनी हे मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज बसला होता. मी उलट उत्तर दिलं नाही. तयार होतं, पण दिलं नाही.

आईच्या खोलीत गेलो. विचारलं, तुझेच उपाय मी तुला रोज समजावून सांगत होतो, तू बोलली का नाहीस? ती थांबत थांबत म्हणाली, कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा तू हाक न मारता उठत होतास. म्हटलं, चालू दे. काढा चांगला होता रे. मिरी जरा जास्त.

जरा!

१० डिसेंबर, ४.३५
औषधं आणायची आहेत. मामा कामात, बाबा आईच्या उशाशी. या रस्त्यावर औषधांचं दुकान एकच. काउंटरवर कोण असणार ते मला माहीत आहे.

जाणार. ताठ मानेने जाणार. ती दादा म्हणाली तर म्हणू दे. गोळी जेवणाआधी की नंतर ते नीट विचारून घेणार, दोनदा विचारणार आणि लिहून घेणार. कागदावर. याचा अर्थ मी हरलो असा कुणी काढू नये. वाफेची कल्पना मुळात बरोबर होती.

डॉक्टरांचा कागद खिशात घातला. खिसा तपासला.

निघतो. दार आपटणार नाही, नुसतं लोटून लावणार. बिजागरीसाठी नव्हे. आईचा आत्ता कुठे डोळा लागलाय.