कोपरा घासलेला बोर्ड

६ एप्रिल, आखाडा बाळापूर

शाळेतून रजा मिळाली. मोठ्या बाईंचे उपकार. नानांना लकवा होऊन अडीच महिने झाले. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताची बोटंही जराशी वळतात. अंगठा तेवढा ढिम्म. हिंगोलीहून फिजिओ सर येतात, ते आज म्हणाले, आता हलवला नाही तर तो असाच राहील. ह्याच अंगठ्यानं नानांनी गावभरचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. दाबायला रबरी चेंडू दिला तर डाव्या हातानं अंगणात भिरकावला. "मी काय लेकरू हाय का?" आईनं चेंडू शोधून आणला, गालातल्या गालात हसत. रागावण्याइतके बरे झाले, हेच खूप.

७ एप्रिल

पुण्याहून दादाचा फोन. "अगं, रणगाड्याचा गेम लाव की! आपल्याला बाजूला सारून नानाच खेळायचे." बरं सुचलं त्याला. गोळी सोडायचं बटण उजव्या अंगठ्याखालीच असतं.

माळ्यावरची पेटी काढली. गेमचं मशीन चालू झालं, देव पावला. पिवळ्या कॅसेट अकरा. रणगाड्याचं चित्र असलेली लावली तर मोटारींची शर्यत आली. मोटारींची लावली तर बदकं. उद्योग माझेच.

आठवीत होते. शेजारच्या खळ्यावर हळदीला पॉलिश चालू, घरभर पिवळी धूळ, कॅसेट चालेनात. नाना बाजाराला गेलेले. मी सगळ्या उघडल्या, खोडरबरानं पुसल्या, आणि हाती येईल तो बोर्ड हाती येईल त्या खोक्यात घातला. बाहेरून सगळी सारखीच की! एक बोर्ड बसेना. अंगठ्यानं दाबला. कट्ट झालं. रणगाडा त्या दिवशी बंद पडला. मार दादानं खाल्ला. मी गप्प बसले ती आजपर्यंत.

८ एप्रिल

नानांच्या बाजेवर पेपर पसरला आणि सगळ्या कॅसेट खोलल्या. बाहेरून जुळ्या, आत कोणी कोणाचं नाही. एक बोर्ड हिरवा, तळहाताएवढा, पाय असलेल्या दोन काळ्या आयसींचा. एक काडेपेटीएवढा तपकिरी, त्यावर आयसीच नाही, नुसता डांबरासारखा काळा थेंब. बदकांचे तर दोन निघाले, दोन्हींची ठेवण वेगळी.

नाना उठून बसले. "बनवणाऱ्याला जो माल घावला तो घातला. गेम तोच, बोर्ड निराळा." थेंबाखाली काय असतं, खोक्यातली खुंटी बसायचं भोक कुठं असतं, सगळं सांगून राहिले. अडीच महिन्यांत एवढं बोलले नव्हते. आई भाकरी टाकायची सोडून दारात उभी.

बोर्ड दहाच. एक खोकं रिकामं. रणगाडा नाहीच. माझा चेहरा पडला तसं नानांनी डावं बोट वरच्या फळीकडं केलं. "बिस्किटाचा डबा काढ."

डब्यात कागदाची पुडी, पुडीत रणगाडा. मोठा बोर्ड, एक कोपरा कानशीनं घासलेला. मूळचं खोकं फुटलं तेव्हा दुसऱ्यात बसावा म्हणून नानांनीच घासला होता. भोकाजवळ तडा. मी दाबला तिथंच.

"दुरुस्त का नाही केला?"

"तुझ्या दादाची धावीची परीक्षा व्हती. बंद पडला ते बरंच झालं."

९ एप्रिल

बोर्डावरच्या तांब्याच्या तीन रेषा तुटलेल्या. नानांची सोल्डरिंग गन, माझा हात. "काहून घाई करून राहिली? आधी खरवड." दोन डाग जमले, तिसरा चौथ्यांदा जमला. लावलं. आधी पडद्यावर नुसते चौकोन. खोडरबर. मग रणगाडे!! आईनं टाळ्या वाजवल्या.

नाना डाव्या अंगठ्यानं झकास फिरवतात. उजवा बटणावर ठेवलाय, ठेवलेलाच आहे. गोळी सुटत नाही.

११ एप्रिल

दोन दिवस रणगाडा नुसता फिरतोय आणि मार खातोय. नाना त्याला शिव्या घालतात. चेंडूचं नाव काढत नाहीत, बटण मात्र सोडत नाहीत. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन.

आज धीर करून सांगितलं. "नाना, तो बोर्ड मी मोडला होता."

"ठाव हाय."

मग बोर्ड काढून पालथा करायला लावला. मागं पुसट पिवळा ठसा. हळदीच्या अंगठ्याचा, इवलासा.

"दादाला मारून झालं, मग दिसला. दादाचा अंगठा येवढा व्हता का?"

"मग मला का नाही मारलं?"

"तू दोन दिवस जेवली न्हाईस. आनखी काय मारायचं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दादाला फोन केला. तो म्हणाला, व्याजासकट फटके देतो, आणि खूप वेळ हसला. कसली माणसं दिलीस देवा मला.

१३ एप्रिल

संध्याकाळी गोळी सुटली! एकच. समोरचा रणगाडा फुटला. आम्ही तिघंही ओरडलो.

मग आई म्हणाली, "अंगठा हलला का हो?" नाना म्हणाले, "मला काय ठाव? मी टीवी बघून राहिलो व्हतो." मीही टीव्हीच बघत होते. आईसुद्धा. अंगठ्यानं दाबलं की तळहाताचा भार पडला, कोणालाच माहीत नाही.

नाना पुन्हा खेळतायत. मी टीव्हीकडं पाठ करून बसलेय, त्यांच्या अंगठ्यासमोर.