मागे सरकणारी पाटी

डोळखांबच्या वरचा पाडा,
भर आवणीचे, भात लावायचे दिवस

चिरंजीव रविंद्र यास कमळूमामाचे आशीर्वाद. (आशीर्वाद न देताच पत्र सुरू करणार होतो, पण तू माझ्या बहिणीचा मुलगा. तिच्याकडे बघून दिले आहेत. त्यातले तुला किती द्यायचे ते तिचं ती ठरवील.) तुझी तब्येत बरी असणारच, पेपरातल्या फोटोत गाल चांगले वर आलेले दिसतात. आमचं विचारशील तर गुरं बरी आहेत, खाचर चिखलून तयार आहे, रोपं वीतभर वर आली आहेत आणि आठवड्याभरात लावली नाहीत तर म्हातारी होतील. लावायला मात्र घरात कोणी नाही, कारण तुझी मामी बाईजा आज नऊ दिवस वैशाखऱ्याला माहेरी जाऊन बसली आहे. हे सगळं कोणामुळे झालं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. तेव्हा खाली बसून वाच, कॉलेजात शिकवतोस तसं उभ्याने वाचू नकोस.

गेल्या वर्षी याच दिवसांत तू दोन दिवस राहायला आलास. चिंबोऱ्यांचा रस्सा चार वेळा मागून खाल्लास आणि जाताना बांधावर उभा राहून आमच्या पाटीचे फोटो काढलेस. पाटी म्हणजे काय ते तू मेळाव्याच्या पत्रकात इतक्या अवघड भाषेत छापलं आहेस की मलाच ती ओळखू येईना. साधी गोष्ट आहे. निळा प्लास्टिकचा पिंप उभा चिरायचा, त्यातला अर्धा होडीसारखा चिखलावर ठेवायचा आणि त्यात रोपांच्या मुठी भरायच्या. म्हणजे आवणी करणाऱ्या बाईला मूठ संपली की दर वेळी कंबर सरळ करून बांधापर्यंत जावं लागत नाही. एवढंच. ही पाटी मी बनवली. करवत माझी, हात माझे, अंगठ्याला पडलेली खाच अजून आहे, ये आणि बघ. (कुठे चिरायचं त्याच्या खुणा बाईजाने कोळशाने करून दिल्या होत्या, पण खुणा काय, कोणीही करतं.) तिच्या एका टोकाचा काठ तापवून बाहेर वळवला आहे, तोही मीच वळवला. (तो कशासाठी वळवायचा ते मी विचारलं होतं. ‘वळवा तुमी,’ एवढंच ती म्हणाली.)

आता शहापूरच्या शेती मेळाव्याकडे येतो. आम्ही दोघं सकाळच्या एसटीने आलो, बाईजाने नवं लुगडं नेसलं होतं, कारण भाचा स्टेजवर बोलणार. आणि तू बोललास छान, नाही म्हणणार नाही. शोध म्हणजे जे होतंच पण कुणाला दिसलं नव्हतं ते दिसणं, आणि शोध म्हणजे जे नव्हतंच ते घडवणं, आणि शहाण्या माणसाने या दोहोंची गल्लत करू नये, असं तू म्हणालास. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. (शेजारचे वाजवत होते.) मग तू पडदा बाजूला केलास आणि आमची पाटी, जी आमच्या पडवीत होतीच होती, ती तुझ्या नावाखाली दुसऱ्या प्रकारात उभी! रंगसुद्धा दिला होतास तिला, हिरवा. त्यातून शोधाचा एक तिसरा प्रकार तू भाषणात सांगितला नाहीस, पण पत्रकात करून दाखवलास, तो म्हणजे जे घडलंच नाही ते सांगणं. लहानपणी आजोळी आजीची आवणीने वाकलेली कंबर बघून तुला म्हणे ही कल्पना सुचली. अरे, तुझी आजी म्हणजे माझी आई तू जन्मण्याआधी पाच वर्षं गेली! आणि जाईपर्यंत ताठ चालत होती. मला पाटीचा जेवढा राग आला त्याहून आईच्या कंबरेचा जास्त आला. मेलेल्या माणसाची कंबर वाकवायची म्हणजे काय? (नांगर धरता धरता मला ही पाटी सुचली असं मी गावच्या गिरणीवर सांगत असतो, तेही अगदी अक्षर न् अक्षर तसं घडलेलं नाही. पण मी ते छापलं नव्हतं.)

म्हणून मी भर मांडवात उठलो आणि पाटी माझी आहे म्हणालो. पुढचं तुला माहीत आहे, पण तुला माझ्या तोंडून ऐकवल्याशिवाय मला झोप यायची नाही. मेळाव्याच्या बक्षीस समितीच्या सारिकाबाई शांत बाई, त्यांनी आरडाओरडा केला नाही. मांडवामागे नमुन्याचं खाचर आहे, दोघांनी पाटी घेऊन लावून दाखवा, म्हणाल्या. तू पॅन्ट वर दुमडलीस, पाटीला नायलॉनची दोरी बांधलीस आणि लहान पोरं डब्याची गाडी ओढतात तशी ती पुढे ओढत निघालास. दोन ओळी लावल्यास, आणि त्याच ओळींवरून पाटी फिरवलीस. बांधावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, सगळा राग त्या एका मिनिटात वसूल झाला. मग माझी पाळी आली.

रविंद्र, मीही दोरीच घेतली. आता तूच विचार कर, नांगर पुढे जातो, चिखलणी पुढे जाते, चाळीस वर्षं मी त्या खाचरात पुढेच चाललो आहे. आवणी बायका करतात. तेव्हा मी बांधावर असतो आणि आटपा, आटपा म्हणतो. तीन ओळी लावून मागे वळून पाहिलं तर लावलेलं सगळं चिखलात झोपलेलं. सारिकाबाईंनी विचारलं, आवणी करताना माणूस पुढे जातो की मागे? तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. शेवटी आमच्या पाड्यावरची ताराबाई बांधावरून ओरडली, “मागं वो बाई! पुढं गेलं तं लावल्यालं तुडवंल ना!” मग एका बाईने उतरून नीट करून दाखवलं, ते असो. समितीने आपल्या दोघांच्याही हातात एकेक कोरा फॉर्म दिला. शोध कोणी लावला त्याचं नाव लिहून महिन्याच्या आत पाठवा, नाहीतर पाटीचा विचार होणार नाही. बाईजा तिथूनच माहेरी जायला मुरबाडच्या गाडीत बसली. ही घरची अब्रू तुझ्यामुळे गेली, तेव्हा तू तुझं नाव मुकाट्याने मागे घ्यावंस आणि मामाचा मान राखावास. आईची काळजी घे. चिंबोऱ्या पाठवणार नाही.

तुझा
कमळूमामा

ता. क. : खाचरात उतरली ती बाई तुझी मामी होती, हे तू पाहिलंच आहेस. मला वर लिहायला लाज वाटली. नवं लुगडं खोचून तिने पाटी आपल्या मागे ठेवली, वळवलेला काठ मागच्या बाजूला, आणि मागे सरकताना टाचेने हळूच ढकलत गेली. तो काठ चिखलावर चढत जातो, रुतत नाही. तो कशासाठी वळवायचा ते मला त्या दिवशी कळलं. मग तिने पाटी डोक्यावर घेतली (तुझी हिरवी घेतली, तिला ती शोभली) आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, “भाच्याचं जाऊ द्या. तुमाला तरी ठावं असंल वाटलेलं.” वरचं सगळं पत्र खोडलं असतं, पण घरात कागद एवढाच आहे.

आणखी एक : सोबत माझा कोरा फॉर्म पाठवतो आहे. त्यात तुझ्या अक्षरात बाईजाचं नाव लिही, पूर्ण लिही, आणि खाली सही कर. मला लिहिता येतं. पण मी लिहिलं तर लोक म्हणतील, बायको परत यावी म्हणून लिहिलं. (तसंच आहे.) तू लिहिलंस तर तुझाही त्यात शोध होईल, पहिल्या प्रकारातला. ती होतीच, आपल्याला दिसली नव्हती.

आणि हे शेवटचं : काल मी एकटाच खाचरात उतरलो. चार ओळींत कंबर अशी धरली की बांधावर आडवा झालो. पडल्या पडल्या तिला फोन लावला. तिने एवढंच विचारलं, “पुढं गेलात का मागं?” मागे, म्हटलं. “आणि मुठी कुठं ठेवल्या व्हत्या?” बांधावर, म्हटलं, दर मुठीला उठून जावं लागलं. मग म्हणाली, “पंचवीस वरसं मी तशीच जात व्हते,” आणि तिने फोन ठेवला.