दादासाठी बिनतारी बटण: एक सेल, दोन वर्षं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

बिलासपूरहून गंधालीचा फोन. दादाची मुलगी, पण बोलते माझी मास्तरीण असल्यासारखी. "काका, एक महीना देखते हैं. बाबांचं तुमच्याकडे नीट झालं तर ठीक, नाहीतर मैं ले जाऊंगी." म्हटलं, महिन्याने ये आणि तोंडात बोट घाल.

परिस्थिती: दादाला झटका येऊन अकरा आठवडे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात मनगटापासून पुढे थोडा हलतो. विनीता, माझी बायको, साडेसहाला शाळेत शिकवायला जाते, दोनला येते. तोवर खाली दादा आणि वर छतावरच्या खोलीत मी, माझं वर्कशॉप. काही हवं असलं की दादा पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतो. ठण ठण ठण. माझा सोल्डरिंगचा हात उडतो.

उपाय: बिनतारी बटण. त्याच्या हाताशी बटण, माझ्या टेबलावर रिसीव्हर.

दादा इंजिनिअर म्हणून रिटायर झाला. मी बारावीनंतर जे शिकलो ते आपलं आपण. त्याने आयुष्यभर माझ्या एकाही वस्तूला चांगलं म्हटलं नाही. आता म्हणू शकत नाही, हा भाग वेगळा.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.३०

सिस्टिम चालू. पहिल्या दिवशी १९ कॉल. सगळ्यांची वेळेसह नोंद आपोआप होते.

स्वतःसाठी लिहून ठेवतो: रेडिओत बोलायला करंट लागतो तो क्षणभर. खरा सेल खातं ते ऐकणं. कोणी बोलो न बोलो, कान उघडे ठेवले की बारा मिलिअँपिअर. घड्याळातला गोल सेल अठरा तासांत खलास. म्हणून रिसीव्हरला झोपवायचं. दर सेकंदाला पाच मिलिसेकंद जाग, हाक आहे का बघायचं, नसली की परत झोप. बटण दाबून धरलेलं असतं तेवढाच वेळ हाक जाते. अशाने पाच महिने निघतात.

विनीता म्हणाली, भिंतीत प्लग आहे, लावून द्या ना. प्लग लावून तर कोणीही करेल!

चमचा काढून घेतला. दोन सिस्टिम एकदम चालल्या की डेटा बिघडतो.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्या. ६.००

पाच महिने म्हणजे काहीच नाही. निश्चय: एका सेलवर दोन वर्षं. आजपासून जाग दर चार सेकंदांनी.

टेस्ट केली. दोन्ही वस्तू टेबलावर ठेवून बटण शंभर वेळा दाबलं, दर वेळी बीप येईपर्यंत धरून ठेवलं. शंभरपैकी शंभर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल ७ कॉल, आज ६. १९ वरून ६! ग्राफ काढला. गरजा कमी होत आहेत, म्हणजे तब्येत सुधारते आहे. डॉक्टरांनी असा ग्राफ कधी काढला नसेल. गंधालीसाठी प्रिंट काढून ठेवणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.००

विनीता शाळेतून आली आणि चादर ओली. माझ्यावरच उखडली. "काहून नाही आले खाली?" नोंद दाखवली. ८.४० नंतर कॉलच नाही. हाक मारली नाही तर माणूस येणार कसा?

ती म्हणे, भाऊजींच्या अंगठ्यात भेंडीचं देठ मोडायचा जोर नाही, ते बटण काय दाबून धरतील. शास्त्र कळत नाही तिला. तरी मी खाली जाऊन दादाला नीट समजावलं: दाबायचं, धरायचं, मनात चार मोजायचे, सोडायचं. पंचवीस मिनिटं शिकवलं. त्याने डोळे मिटले. समजलं.

आणखी एक फर्माईश: हाक पोचली हे भाऊजींना कळायला बटणावर एखादा दिवा द्या. दिवा म्हणजे करंट. नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.२०

जाग दर आठ सेकंदांनी. हिशेब तीन वेळा तपासला. दोन वर्षं सात महिने. हे आकडे मोठमोठ्या लॅबवाल्यांना पेलत नाहीत आणि इथे आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात छतावर बसून केले. दादा बोलता असता तर म्हणाला असता, चारू, हे कर्तृत्व त्या सेलचं आहे. माहीत आहे मला तो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल १ कॉल. आज २.

अकराला पेज भरवायला जातो तेवढाच. मध्ये विनाकारण खाली गेलो तर टेस्ट खराब होते. दादा हल्ली माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. शांत झाला आहे.

विनीताने परवापासून नवीन सुरू केलंय. शाळेतून मधल्या सुट्टीत रिक्षाने येते, त्याला बघते, परत जाते. मला सांगत पण नाही. शेजारच्या शर्मिष्ठावहिनींनी सांगितलं. म्हणजे घरच्याच माणसाचा सिस्टिमवर विश्वास नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १.४५

उत्तम दिवस. एकही कॉल नाही. शून्य! विनीताची आज परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून तिची पण धावपळ नाही. अकराची पेज पाऊण तास उशिरा झाली, रिसीव्हरच्या डबीचा साचा अर्धवट सोडता येत नव्हता. दादाने दोनच चमचे घेतले. भूक नसेल. सकाळपासून अखंड काम झालं. अशी शांतता या घरात वर्षभरात नव्हती.

२ मार्च, रविवार. रात्री ९.००

गंधाली आली. मी ग्राफ, नोंदी, सेलचं गणित, सगळं एका फाइलीत लावून ठेवलं होतं. फाइल तिने हातात घेतली, उघडली नाही. आधी बाबांजवळ गेली. त्यांचा डावा हात उचलून बघत बसली.

अंगठ्याला फोड येऊन फुटला होता. टाचेची कातडी गेली होती, ती चादरीला चिकटली होती.

मी सांगितलं, बटणाची कड धारदार राहिली असेल, कानस मारून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.

ती म्हणाली, "काका, प्लीज. अभी कुछ मत बोलो."

विनीता कपडे भरू लागली. मी म्हटलं, महिना उद्या पुरा होतो, आज नाही. चार वाजता गाडी आली. दादाला उचलताना त्याची मान माझ्या खांद्यावर आली. वजन किती कमी झालंय, हे मला माहीत नव्हतं. ते मोजलं नव्हतं.

गाडी चौकातून वळेपर्यंत मी फाइल धरून उभा होतो.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ११.००

बटणातही एक मोजणी आहे. किती वेळा दाबलं, दिवसवार. बटणाच्या सेलचा हिशेब लागावा म्हणून मीच घातली होती. वाचायची राहून गेली होती. आज वाचली.

रिसीव्हरला पोचलेले कॉल: १३४.
बटण दाबलं: १०९३.

काही चूक असणार. एकदा दाबलं तरी आतली पत्ती थरथरते आणि दोनदा मोजलं जातं. म्हणून निम्मे केले. ५४६.

तेही जास्त वाटले, म्हणून पत्ती मीटर लावून तपासली. थरथरत नाही. काम चोख केलं होतं मी.

२५ फेब्रुवारी: ८८.

त्या दिवशी मी इथे काय लिहिलं होतं ते पान काढून वाचलं.

संध्या. ५.००

विनीताला आकडे सांगितले. वाटलं, बोलेल. ती तिवरा भाजी निवडत होती. म्हणाली, "मले माहीत होतं. बटण नव्हतं मोजलं, चादरी मोजल्या." मग म्हणाली, जेवायला काय करू.

६ मार्च, गुरुवार

निश्चय: तारेची घंटी. पंधरा मीटर वायर, घरच्या लाइनवर. बटणाऐवजी चपटी पट्टी, नुसतं बोट टेकलं तरी वाजेल. झोप नाही, जाग नाही. रविवारी बिलासपूरला स्वतः बसवून येणार. गंधालीला आधी सांगत नाही. नको म्हणेल.

९ मार्च, रविवार. परतीच्या गाडीत

पोचलो साडेअकराला. गंधाली ड्यूटीवर होती. दादाच्या खोलीत तिच्या सासूबाई, पूर्णिमाबाई, खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "या भाऊ, बसा," आणि उठून दादाला दोन चमचे पाणी पाजून परत बसल्या. दादाने काही केलं नव्हतं. हात हलवला नव्हता, आवाज केला नव्हता.

विचारलं, त्याला पाणी हवं हे कळलं कसं? त्या म्हणाल्या, "आता त्यात कळायचं काय? बसून राहिले ना मी इथे."

मी घंटीची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

अडीच तास बसलो. त्यांनी दोनदा पाणी दिलं, एकदा कूस बदलली, एकदा पायावरची माशी हाकलली. मी ठरवलं, पाचवी गोष्ट मी ओळखायची. लसूण, चहा, पेपर सगळं बाजूला ठेवून दादाच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. इतका वेळ मी त्याच्याकडे कधी बघितलं नसेल. त्याच्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढलाय. बऱ्याच वेळाने त्याने डोळे मिटले. मी हळूच म्हटलं, झोप लागली वाटतं.

पूर्णिमाबाई लसणातून मान वर न करता म्हणाल्या, "ऊन येऊन राहिलं त्यांच्या डोळ्यावर. पडदा ओढा."

पडदा मी ओढला. महिनाभरात दादाचं तेवढं एक काम माझ्या हातून वेळेवर झालं, आणि तेही सांगितल्यावर.