ताऱ्याचंच चुकलंय

३ मार्च, सकाळी ९
ठरलं. याच महिन्यात मॉडेल पूर्ण! न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात पदार्थ किती घट्ट दाबला जातो, त्याचं अकरा वर्षांचं गणित. तिथला चमचाभर पदार्थ म्हणजे अख्खा डोंगर. रोज सहा तास काम. चहा दोनदाच.

३ मार्च, सकाळी ११
तिसरा चहा. डोंगर उचलायचाय, गंमत नाही.

६ मार्च
माझं मॉडेल सांगतं, असा तारा फार तर दीड सूर्याएवढा जड. त्यापुढे स्वतःच्याच भाराने कोसळणार. दुर्बीणवाल्यांनी मात्र दोन सूर्यांएवढा मोजलाय. धडधाकट आहे म्हणे. मोजताना डुलकी लागली असेल.

९ मार्च
विभागप्रमुखांनी बोलावलं. एके काळची माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, सर, तारा तर समोर दिसतोय, मग मॉडेल बदलायला नको का? मी म्हटलं, तो कोसळत नाही हा त्याचा उद्धटपणा. ती म्हणाली, वीस तारखेला सगळ्यांसमोर मांडा, नाहीतर मोठ्या कॉम्प्युटरवरचा तुमचा वेळ बंद. मांडतोच!

१३ मार्च
प्रोग्राम पुन्हा तपासणार नाही. अकरा वर्षं बिनतक्रार चाललाय. त्याऐवजी दुर्बीणवाल्यांना चार पानी पत्र धाडलं.

१५ मार्च
उत्तर दोन ओळींचं. तीन वेगवेगळ्या दुर्बिणींनी मोजलं, आकडा तोच. म्हणजे तिन्ही बिघडल्यात.

१८ मार्च
बायकोसमोर भाषणाचा सराव. ती गणिताची निवृत्त शिक्षिका. मधेच म्हणाली, अहो, न्यूट्रॉन फार जवळ आले की एकमेकांना ढकलतात ना? मग गणिताच्या तिसऱ्या ओळीत त्या ढकलण्याआधी वजा कशाला? मी म्हटलं, मुद्दाम आहे. ती म्हणाली, का? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. उठून कपडे वाळत घालायला गेली. निरुत्तर केलं.

२० मार्च, सकाळी
निळा शर्ट. आज एकेकाला दाखवतो.

२० मार्च, दुपारी
दाखवलं. बत्तीस जण होते. चाळिसाव्या मिनिटाला विभागप्रमुखांचा हात वर. सर, तिसऱ्या ओळीतलं वजा? मी म्हटलं, मुद्दाम आहे. ती म्हणाली, अधिक करून बघू? तिथेच लॅपटॉपवर चालवलं. उत्तर आलं: दोन पूर्णांक एक सूर्य. टाळ्या झाल्या. मी उभं राहून स्वीकारल्या. मॉडेल माझंच आहे.

२२ मार्च
शोधनिबंध होणार, पहिलं नाव माझं. पण चूक कधी, कशी शिरली तेही लिहायचंय म्हणे. मी सांगितलं, वहीवरून प्रोग्राम टाइप करणाऱ्याने घोळ घातला असणार. पुरावाच देतो.

२३ मार्च
माळ्यावरून पहिल्या वर्षाची वही काढली. बायकोने भिंग धरलं. तिसरी ओळ. वजा. अक्षर माझंच. शाईचा फराटा म्हणावं, तर पेन्सिलने लिहिलंय. दोनदा गिरवलंय.