भाताला पाणी किती

प्रिय आचारी,

काल पुन्हा तुझा मेसेज आला, भाताला पाणी किती घालायचं म्हणून. अरे, दवाखान्याच्या कँटीनमध्ये रोज शंभर माणसांचा भात शिजवतोस तू! मला कुकर लावायला शिकवलंस ते तूच. लग्नाआधी मला धड चहासुद्धा येत नव्हता, हे तुझी आई अजूनही चारचौघांत सांगत असेल.

घटस्फोटाला वर्ष उलटलं, पण तुझे प्रश्न काही संपले नाहीत. कांदा चिरताना पंखा चालू ठेवायचा की बंद? पहिल्या भागात दरीत पडून मेलेला खलनायक दुसऱ्या भागात जिवंत कसा? मी थिएटरच्या तिकीट खिडकीत बसते, म्हणून काय सिनेमावाले मला विचारून गोष्टी लिहितात? तरी त्या मेल्या खलनायकासाठी मी जिने चढून ऑपरेटरकाकांना विचारून आले. खोटं कशाला बोलू, भांडायला आपल्याकडे ढीगभर विषय होते, बोलायला एवढेच उरले होते. तुझा प्रश्न आला की माझा दिवस बरा जायचा. आई म्हणते, तुटलंय ना, मग लोंबकळत कशाला ठेवतेस? तिला काय सांगू?

परवा दुपारच्या खेळाला तुझी होणारी बायको खिडकीवर आली. तू काही सांगितलं नव्हतंस, पण तुझ्या बहिणीनं फोटो दाखवला होता. मी कोण, हे तिच्या गावीही नव्हतं. चेहरा गोड आहे, बोलणंही. तू पोस्टरकडे तोंड करून उभा होतास. तुझी पाठ ओळखायला मला वेळ लागत नाही रे. दोन तिकिटं घेताना तिनं विचारलं, पहिला भाग पाहिला नसेल तर हा कळेल का. मी म्हटलं, कळेल, काही अडत नाही. मग पुढच्या माणसाला भलत्याच खेळाची तिकिटं दिली आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली.

त्यानंतरही तू काल भाताचं विचारलंस, म्हणून हे पत्र. आता मला काही विचारू नकोस. तिला विचार. तिला येत नसेल तर दोघं मिळून चुका. तुझा नंबर ब्लॉक करायला गेले होते, पण हात धजला नाही. तू विचारत राहिलास तर मी उत्तर देत राहीन. माझ्याच्यानं ते थांबत नाही, तूच थांबव.

तुझीच (सवयीनं लिहून गेले, राहू दे),
खिडकीवाली