एकाच नावाचे दोघं

मंगळवार, संध्याकाळ. बोरी अरब.

आज नागपूरच्या विमानतळावर मले बाजूले बसवलं.

काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "शेख रफिक, तुम्ही काल गुवाहाटीहून आलात ना?"

काल तर मी घरीच होतो. इकडचे जिनिंगचे कारखाने कापसाबिगर बंद पडले, तवापासून मालक मले मशीन दुरुस्तीले कोइम्बतूरले पाठवते. गुवाहाटी मी पाह्यली बी नाही, तसंच तिले सांगितलं.

मंग सुरक्षेचे एक साहेब आले, आत घेऊन गेले. "गुवाहाटीत कोणाला भेटलात?" पुन्हा पुन्हा तेच. शेवटी जन्मतारीख जुळली नाही, तवा सोडलं. तोवर विमान गेलतं.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "दोन विमान कंपन्या एक झाल्या ना, काका. नेहमीच्या प्रवाशांची खाती जोडताना तुमचं आणि दुसऱ्या शेख रफिकचं एकच खातं झालं. होईल दुरुस्त."

कधी? ते तिले माहीत नाही.

त्या गुवाहाटीवाल्यानं उद्या काही केलं तर? का तोही आज कुठं असाच बसला असन, माह्यापायी?

उद्या पुन्हा जायचं आहे. मालकाले फोन करून म्हटलं, रेल्वेनं जातो.

"तिकडं काम खोळंबलं रफिकभाई, विमानानंच जा."

घरी बायकोले, सलमाले, सारं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पेटीतून माहा शाळेचा दाखला काढला अन् बॅगेत कपड्यायच्या वर ठेवला, हाताशी येईल असा.